नानांचं भरीत आणि पत्र्याआडून ऐकलेली मॅच

नियुक्तिपत्रावर माझ्या विषयाचं नाव 'शारीरिक शिक्षण व आरोग्य' असं भारदस्त लिहिलेलं आहे. एवढं लांबण लावायला शाळेत कुणाला वेळ नाही, म्हणून मी 'पीटीचे सर'. पारोळ्याजवळच्या एका गावात आमची आठवीपर्यंतची शाळा. तिथे ज्या कामाला मालक नाही, ते काम माझं. रांगा लावणं माझ्याकडे, माईकमध्ये 'हॅलो हॅलो' करणं माझ्याकडे, पाहुण्यांच्या गाडीला सावलीतली जागा शोधणं माझ्याकडे. सातवीच्या वर्गात साप निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं होतं. मी आधीच बाकावर उभा होतो, म्हणून पुढचं काम शिपायाकडे गेलं.

माझा तास वेळापत्रकात असतो, मैदानावर क्वचित. गणिताचे सर जून महिन्यापासून दारात येऊन उभे राहतात. "सर, तुमचा तास घेऊ का? भाग राहिलाय." शाळा उघडून आठवडा झालेला असतो आणि यांचा भाग राहिलेला असतो. मी तास देतो. भांडायचं तर छाती पुढे काढावी लागते, आणि माझी छाती पुढे काढली की तिच्याआधी पोट पुढे येतं. कॉलेजात असताना मी लांब उडी मारायचो, हे सांगितलं तर पोरं कौतुकाने ऐकतात. विश्वास ठेवत नाहीत, पण ऐकतात.

या सगळ्यात माझ्याकडे अभिमानाची एकच गोष्ट होती, मुलींचा खो-खोचा संघ. तो मी घडवला असं मी सगळीकडे सांगतो. खरं सांगायचं तर मी शिट्टी वाजवायचो आणि त्या घडायच्या. त्यातली कॅप्टन आठवीतली. काटकुळी, अबोल, वर्गात हजेरीला "हजर" म्हटलं तरी शेजारणीलाच ऐकू जाईल अशी. पण मैदानात उतरली की समोरच्या संघाचे पाय एकमेकांत अडकायचे. तिला मी काही शिकवलं असेल तर एवढंच की मॅच संपल्यावर पंचांना नमस्कार करायचा.

त्या वर्षी आम्ही तालुका जिंकलो आणि जिल्ह्याला जायचं ठरलं. जळगावला. आणि कॅप्टनचे वडील शाळेत आले.

गाव त्यांना नाना म्हणतं. कापूस, थोडी वांगी, एक म्हैस आणि मोजकं बोलणं. ऑफिससमोर चप्पल काढून आत येऊन उभे राहिले. मी खुर्ची दिली, बसले नाहीत.

"सर, पोर मोठी व्हयी गयी आते. खेय बस झाया."

आमच्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो; नाना पोरीचा खेळ बंद करायला आले होते. आठवीनंतर आमची शाळा संपते. पुढे दोनच वाटा होत्या. शेजारच्या गावातलं हायस्कूल, जिथे मैदान म्हणून जे दाखवतात तिथे बैल बांधलेले असतात. नाही तर पारोळ्याचं हायस्कूल, जिथे खो-खोचा रोज सकाळ-संध्याकाळ सराव चालतो. पारोळ्याला जायचं म्हणजे संध्याकाळी उशिराच्या एसटीने परत यायचं. नानांचं घोडं तिथे अडलं होतं. पोरगी पारोळ्याला गेली तर खेळणार, शेजारी गेली तर तिचा खेळ आठवीतच संपणार.

मी अर्धा तास बोललो. मुलींचा खेळ, आरोग्य, आत्मविश्वास, नोकरीतलं आरक्षण, सगळं काढलं. नाना भिंतीवरच्या पचनसंस्थेच्या तक्त्याकडे बघत उभे. शेवटी म्हणाले, "मी ईसु जळगावले. ती पुढे खेयी का नही, ते दखीसन सांगसु."

म्हणजे नाना मॅच बघून ठरवणार; एका मॅचवर सगळं येऊन ठेपलं. पोरगी दाराआड उभी राहून ऐकत होती. मी बाहेर आलो तेव्हा तिने नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला रात्रभर ताण होता.

मॅचच्या आदल्या दिवशी गणिताच्या सरांना प्रथमच "नाही" म्हणून मी माझा तास माझ्याकडे ठेवला आणि संघाला 'सामन्याच्या दिवसाचा आहार' या विषयावर व्याख्यान दिलं. फळ्यावर जठर काढलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे भरताचं वांगं आहे का?" सगळा वर्ग हसला. मी गंभीर झालो. मॅचच्या सकाळी तेल नाही, तिखट नाही, पोटभर जेवण तर नाहीच नाही. दोन केळी आणि लिंबू-साखर-मिठाचं पाणी. "भरल्या पोटी रक्त पोटाकडे धावतं, पायांकडे नाही," असं एक वाक्य मी टाकलं आणि ते मलाच इतकं आवडलं की तीनदा टाकलं. "आणि कुणीही, अगदी कुणीही आग्रह केला तरी खायचं नाही. समजलं?"

"समजलं, सर!" पोरी एका आवाजात म्हणाल्या. त्यांना समजलं होतं, हीच तर पुढची अडचण.

सकाळी भाड्याची क्रूझर जीप निघाली. संघ, मी आणि सोबत आमच्या मराठीच्या बाई, कारण मुलींबरोबर बाई हव्यात. बाईंना खो-खोतलं काही कळत नव्हतं आणि तसं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. थंडी चांगली पडली होती. एरंडोलच्या अलीकडे रस्त्याला लागून नानांचं वावर, म्हणजे शेत. तिथे नाना गाडीत बसणार होते.

लांबूनच धूर दिसला. मला वाटलं, नाना शेकत बसलेत. जवळ गेलो तर गेल्या वर्षीच्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात हातभर लांब हिरवी वांगी, बाजूला नानांच्या घरच्या वहिनी भाकरी थापतायत आणि नाना हात पुसत पुढे येतायत. आमच्या खानदेशात थंडीत वावरात भरीत करून माणसं बोलावणं हा काही कार्यक्रम नसतो, तो श्वास असतो. पण तो सामन्याच्या सकाळी घेतलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"या सर. पहाटपाइन लागेल शे. पोरीस्ले खावाडा आनि मंग निघू."

संघ ओळीने गाडीतून उतरला. पोरींनी वासाने डोळे मिटले, मग माझ्याकडे पाहिलं. कॅप्टन खाली मान घालून म्हणाली, "नाना, आम्हाला चालत नाही. सरांनी सांगितलंय."

नानांच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. "मन्हा वावरवरथून जाशात आनि उपाशी जाशात?"

"उपाशी नाही नाना, केळी खाल्लीत," दुसरी म्हणाली. तिसरीने तर माझं वाक्यच म्हणून दाखवलं, "भरल्या पोटी रक्त पोटाकडे धावतं."

"कोनी सांगं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. संघभावना म्हणतात ती हीच.

नाना जाळाजवळ जाऊन पाठमोरे उभे राहिले. पहाटेपासून राबलेला माणूस, आणि त्याच्या पोरीचं पुढचं सगळं त्याच्या एका शब्दावर. वहिनींनी भाकरी तव्यावरून उतरवून ठेवली, नवी टाकली नाही. बाई माझ्या कानात म्हणाल्या, "सर, काहीतरी करा. ते रागावले तर गाडीत बसणार नाहीत."

मग मी केलं. ते करताना मला आपण मुत्सद्दी आहोत असं वाटत होतं.

"नाना," मी म्हणालो, "पोरींना नियम आहे. मला थोडाच आहे? मला कुठे धावायचंय? पोरींच्या वाटचं मी खातो."

नाना वळले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं. "बठा मंग."

मी बसलो. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, तिच्यावर भरीत, भरतावर हिरव्या मिरच्यांचं राज्य, वर कच्चं तेल, बाजूला कांद्याची पात आणि लोटाभर ताक. पहिला घास नानांसाठी घेतला. दुसरा पोरीच्या भवितव्यासाठी. तिसऱ्यानंतर कारण लागलं नाही.

"आखो एक भाकर ल्या."

"नाना, पुरे."

"बारा पोरीस्ना वाटा शे, सर. तुम्हीच म्हनेल शे ना."

समोर माझा संघ केळी सोलत बसला होता आणि मला खाताना बघत होता. त्या नजरेत राग नव्हता, अभ्यास होता. आरोग्याचा धडा समोर प्रत्यक्ष चालू होता. जेवण संपलं तेव्हा मला गाडीत चढवायला नानांनी हात दिला.

जळगावच्या मैदानावर पोचलो आणि संयोजकांपैकी एकाने मला दुरूनच ओळखलं. जिल्ह्याच्या स्पर्धेत पंच नेहमी कमी पडतात आणि जो पीटीचा शिक्षक शिट्टी गळ्यात घालून दिसेल त्याला उचलतात. "सर, मुलांची एक मॅच काढून द्या. तुमच्या मुलींची मॅच त्याच्यानंतर आहे, निवांत."

मी निवांत नव्हतो, पण नाही म्हणायची सवय मला कालच एकदा लागली होती, दुसऱ्यांदा जमली नाही. ऊन चढलेलं. खो-खोचा पंच म्हणजे मधल्या पाटीच्या, खेळाडू बसतात त्या पट्ट्याच्या, कडेने सारखं इकडून तिकडे जायचं आणि वाकून पाय बघायचे, कुणी रेषा ओलांडली का ते. पहिल्यांदा वाकलो तेव्हा भरीत हललं. दुसऱ्यांदा वाकलो तेव्हा ताक हललं. तिसऱ्यांदा मी वाकलोच नाही. एका पोराने ढळढळीत रेषा ओलांडली, सगळं मैदान ओरडलं, आणि मी दूर क्षितिजाकडे बघत उभा राहिलो. कपाळावर घाम, अंगावर शहारे. मॅच कशी संपली ते मला माहीत नाही. मी शेवटची शिट्टी वाजवली आणि ती वाजवतच मैदानाच्या मागे निघालो.

मागे पत्र्याची तात्पुरती शौचालयं उभी केली होती. मी आत शिरलो, कडी लावली आणि त्याच क्षणी डोक्यावरच्या खांबावर बांधलेला कर्णा गरजला. "पारोळा तालुका, मुली! ताबडतोब मैदान क्रमांक दोन!"

आमचीच मॅच. वेळेआधी पुकारली होती.

मी उठायचा प्रयत्न केला. जमण्यासारखं नव्हतं.

"पारोळा संघाचे प्रशिक्षक जिथे असतील तिथून मैदानावर यावे. पिवळा टी-शर्ट घातलेले सर. सरांना कुणी पाहिलं असल्यास पाठवावे."

कुणीतरी पत्र्यावर थाप मारली. "कोण आहे आत?"

"पंच!" मी ओरडलो. तेवढंच सुचलं.

"पंच, लवकर आटपा."

पत्र्याच्या पलीकडे, अगदी जवळ, मैदान क्रमांक दोन होतं. दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. बाईंचा आवाज आला, काकुळतीचा. "नाना, सर सापडत नाहीत. बाकावर कुणीतरी पाहिजे. मी सह्या करते, पण मला यातलं काही कळत नाही. तुम्ही बसा."

"मी? मले बी कुठे समजस?"

"तुम्हाला पोरी घाबरतात तरी."

मी आत कपाळाला हात लावला. जो माणूस खेळ बंद करायला आला होता, तो आता आमच्या संघाचा प्रशिक्षक होता. शिट्टी झाली. समोर भडगावचा संघ होता आणि पहिल्या डावात आमच्या मुली पाठलाग करणार होत्या.

"पय! पय! पय!" नानांचा आवाज. वावरात एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक जाते, तो आवाज. "मधून जा! मधमाथून जा! ती तठे शे ना!"

मधून जाता येत नाही. बसलेल्यांच्या रांगेतून पाठलाग करणारीला पलीकडे जाता येत नाही, खो देऊन दुसरीला उठवावं लागतं. हे मी आतून ओरडून सांगितलं. बाहेरून उत्तर आलं, "पंच, बरं वाटत नाही का?"

मग गडबड उडाली. कॅप्टन एकीला अगदी हातभर अंतरावर गाठत होती आणि तिने खो देऊन स्वतः जागेवर बसकण मारली, असं लोकांच्या ओरडण्यावरून कळलं. नाना उठले असावेत, कारण पंचांचा आवाज आला, "अहो काका, मैदानात येऊ नका!"

"ती आते धरनार व्हती ना! तिले काबर बठाडं? कोनी बठाडं?"

"खो दिल्यावर बसावंच लागतं, काका. नियम आहे."

"कसाना नियम! मन्ही पोर इतली पयनी, हाफी गयी, आनि ऐन टायमाले बठ म्हनतस?"

लोक हसत होते. मी आत घामाघूम. पंच शिट्टी वाजवतोय, बाई "नाना, नाना" करतायत, आणि तेवढ्यात एक आवाज आला जो मी तीन वर्षांत कधी ऐकला नव्हता.

"नाना! तुम्ही गप बठा! खेय समजत नसीन त नुसतं दखा! आम्हले खेयू द्या!"

कॅप्टन. हजेरीला शेजारणीलाही ऐकू न जाणारी. अख्ख्या मैदानासमोर, बापाला.

सगळं एकदम शांत झालं. कर्णाही गप्प. मी पत्र्याला कान लावला. आता नाना पोरीचा हात धरणार आणि एसटी स्टँड गाठणार, असंच मला वाटलं. पारोळ्याचं हायस्कूल, सराव, सगळं संपलं, आणि आपण हे सगळं उकिडवे बसून ऐकतोय. माझ्या नोकरीतला तो सर्वांत नीचांकी क्षण, सगळ्या अर्थांनी.

मग बाक करकरला. नाना बसले होते.

थोड्या वेळाने त्यांचा हलका आवाज आला. राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसलेल्या पोरीला ते विचारत होते, "बरं, मंग खो कवय देवाना?"

खो कधी द्यायचा ते ती सांगू लागली. मी सांगितलं असतं त्यापेक्षा बरं सांगत होती. मध्येच नाना "हां" म्हणत. डाव पालटला, भडगावच्या मुली पाठलागाला आल्या, मग पुन्हा आमच्या, आणि पत्र्याआडून मला नानांचं ओरडणं बदलत गेलेलं ऐकू आलं. "पय, पय" हळूहळू कमी झालं. "खो दे! आते दे!" सुरू झालं. एकदा तर "खुंटावर धर तिले!" अशी खणखणीत सूचना आली, आणि मागोमाग टाळ्या. मी आतून टाळी वाजवली. बाहेर रांगेतला माणूस म्हणाला, "पंच खुशीत दिसतात."

मी बाहेर पडलो तेव्हा शेवटचा डाव चालू होता. गुण बरोबरीत. आमची शेवटची तुकडी पळत होती आणि तिच्यात एकटी कॅप्टन उरली होती. मी बाकाकडे धावलो, म्हणजे चाललो. नानांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. एका हाताने मला बाजूला सारलं, कारण मी त्यांच्या नजरेआड येत होतो.

कॅप्टन खुंटाला वळसा घालायची, रांगेत शिरायची, निसटायची. भडगावच्या पोरी तरबेज होत्या. खो, खो, खो, अगदी सुतारपक्ष्यासारखा ठेका. वेळ संपत आली होती. ती एकदा घसरली, सावरली, आणि सावरताना उठलेल्या पोरीची बोटं तिच्या पाठीला लागली. शिट्टी. मागोमाग वेळ संपल्याची लांब शिट्टी.

एका गुणाने हरलो.

ती तिथेच मातीत बसून राहिली. बाकीच्या पोरी रडायला लागल्या. ती रडली नाही. उठली आणि पंचांना नमस्कार केला. मग नानांसमोर येऊन खाली मान घालून उभी राहिली. मघाचं ओरडणं आता तिला आठवलं असावं.

नानांनी तिच्या पाठीवरची माती झटकली आणि पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. "पी," एवढंच म्हणाले.

परतीच्या गाडीत नाना पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला. मी त्यांच्या मागे, पोटावर हात. कॅप्टन सगळ्यात मागच्या बाकावर खिडकीशी. बाईंनी मला खुणेने विचारलं, "विचारा ना?" मी खुणेने सांगितलं, "तुम्ही विचारा." एरंडोल मागे पडलं तरी आमच्या खुणाच चालू होत्या.

"सर," नाना वळून न बघता म्हणाले.

"हां, नाना."

"त्या भडगावन्या पोरी रोज कितला टाईम खेयतस?"

"सकाळी एक तास, संध्याकाळी दीड-दोन."

"मंग आपल्या पोरी हारतीन नही त काय! आपली शायमा त तुम्हना तास गणितवाला लई जास."

हे त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी हसू दाबलं.

"पारोयाले तसं शे का? सकाय-संध्याकाय?"

"आहे, नाना. रोज."

नानांचं वावर दिसू लागलं. ड्रायव्हरने गाडी थांबवली तरी नाना उतरायचं नाव घेईनात.

"संध्याकायनी एसटी कितला वाजता शे?"

मला माहीत नव्हतं. बाईंना माहीत नव्हतं. उत्तर अगदी मागून आलं.

"सहानी शे, नाना. मंग सातनी."

नानांनी दार उघडलं, एक पाय खाली ठेवला. "सातनीले अंधार व्हस. सहानीवर येत जाय."

माझ्या तोंडून "शाब्बास" निघणार होतं, तेवढ्यात मागून पुन्हा आवाज. यावेळी हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असा.

"सहानीवर आधं प्रॅक्टिस बुडस, नाना."

मी डोळे मिटले. मिळालेलं ही पोरगी घालवणार, असं वाटलं. नाना एक पाय गाडीत, एक पाय मातीत असे उभे राहिले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत थांबले.

"सातनीवर ये मंग," ते म्हणाले. "मी गावना फाटावर उभा राहसु."

आणि दार लावून वावराकडे चालू लागले.